मूग शेतकऱ्याचा, पैसा पुण्याचा, मग जोखीम कोणाची?

पत्राचा सारांश: अमळनेर तालुक्यातल्या एका वाचक ताईंचे पत्र आहे. वय २८, अन्नतंत्रज्ञानात एम.टेक. मुगापासून प्रथिनांची पावडर काढण्याची ओली पद्धत त्यांनी प्रयोगशाळेत बसवली आहे. पावडरीत ८२ टक्के प्रथिने येतात. पुण्यातले एक गुंतवणूकदार पथदर्शी प्रकल्पासाठी ४० लाख रुपये द्यायला तयार आहेत, पण अट अशी की खरिपाआधी ५०० एकरांवरच्या मूग उत्पादकांची संमतिपत्रे हवीत. गावातल्या शेतकरी उत्पादक कंपनीचे ४०० सभासद आहेत. ताईंनी दोन बैठका घेतल्या, प्रथिनांचे महत्त्व आणि जगातली मागणी पडद्यावर दाखवली. लोक चहा पिऊन गेले. एक आजोबा तेवढे बोलले, "पैले भाव सांग, मंग दखसूत" (आधी भाव सांग, मग पाहू). वडील म्हणतात, नोकरी धर. मैत्रीण म्हणते, मूग सोड, केळीच्या कचऱ्यावर अळ्या वाढव, त्याला पैसा लवकर मिळतो. ताई विचारतात: शेतकऱ्यांना पटवायचे कसे आणि गुंतवणूकदाराला धरून ठेवायचे कसे?

उत्तर:

ताई, तुमच्या दोन्ही बैठकांत सगळ्यात कामाचे बोलले ते आजोबा. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या पत्रात कुठेच नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

तुम्ही असे धरून चालला आहात की शेतकऱ्यांना प्रथिनांचे महत्त्व कळले की ते येतील. पण मुगात काय आहे हे त्यांना ठाऊक आहेच. कोरडवाहू शेतकऱ्यासाठी मूग म्हणजे खरिपातला पहिला रोख पैसा. जूनमध्ये पेरला की साठ-पासष्ट दिवसांत तोडणीला येतो. पोळा आणि गणपतीचा खर्च, कपाशीला द्यायचे खत, तोडणीची मजुरी हे सगळे त्या पैशातून निघते. तो पैसा पंधरा दिवस लांबला तरी घराचे गणित बिघडते. अशा माणसाला तुम्ही सांगता की माल आम्हाला द्या, पण भाव किती, पैसे कधी, माल नाकारला तर काय, याची उत्तरे नंतर. तो चहा पिऊन जाणारच. त्यात अडाणीपणा काही नाही.

आता गुंतवणूकदाराची अट. ५०० एकर ऐकायला भारदस्त वाटते. हिशेब मांडून पाहू. कोरडवाहू मुगाचा उतारा एकरी ३ क्विंटल धरला तर १,५०० क्विंटल माल झाला, म्हणजे १५० टन. ८,००० रुपये क्विंटलने धरला तर नुसत्या खरेदीला १ कोटी २० लाख लागतील, आणि तुमच्या हातात येणार ४० लाख, त्यातही यंत्रे बसवायची. उरलेले पैसे कोणाचे? उत्तर उघड आहे: शेतकऱ्याचे, उधारीच्या रूपाने. पथदर्शी यंत्रणा तासाला ५० किलो डाळ घेणारी आणि दिवसाला सहा तास चालणारी असली तर महिन्याला साडेसात टन डाळ लागेल. १५० टन मुगाची डाळ झाली साधारण ११२ टन. म्हणजे पंधरा महिन्यांचा माल एकाच हंगामात विकत घेऊन साठवायचा, आणि तोही कडधान्यातल्या भुंग्यापासून सांभाळून. ही अट शेतीचा हंगाम न पाहिलेल्या माणसाने सादरीकरणात आकडा शोभावा म्हणून घातलेली दिसते. त्यात त्याचा वाईट हेतू असेलच असे नाही. पण ती बदलून घेणे तुमचे काम आहे. ती पुरी करायला गावभर फिरू नका. आजच्या घडीला ती संमतिपत्रे म्हणजे बाजारात तुरी.

पुढचा प्रश्न पावडरीच्या खर्चाचा. २०२५-२६ च्या हंगामात मुगाचा हमीभाव ८,७६८ रुपये होता. १०० किलो मुगातून ७५ किलोच्या आसपास मोगर (सोललेली मूगडाळ) निघते. बाकी साल, चुनी आणि घट. ती मोगर बारीक दळून वाऱ्यावर वेगळी केली (या कोरड्या पद्धतीबद्दल पुढे बोलतो) तर त्यातून १८-१९ किलो प्रथिनयुक्त पीठ आणि ५५ किलोच्या आसपास स्टार्चचे जाडसर पीठ मिळेल. सगळा खर्च प्रथिनावर टाकलात तर नुसत्या कच्च्या मालाचेच किलोमागे ४७० रुपये होतात. जाडसर पीठ समजा ४५ रुपयांनी आणि चुनी-साल मिळून ४०० रुपयांना गेली, तर हाच आकडा ३२० वर येतो. जाडसर पीठ ढेपेच्या भावाने २० रुपयांनी द्यावे लागले तर पुन्हा ३९० वर जातो. वीज, मजुरी, पॅकिंग, व्याज वेगळेच. तुमचा धंदा प्रथिनाच्या पावडरीवर तरणार की बुडणार, हे त्या ५५ किलो पिठाला कोण गिऱ्हाईक मिळते त्यावर ठरेल. चीनमध्ये मुगाच्या स्टार्चच्या पारदर्शक शेवया हा मुख्य माल आणि प्रथिन हा जोडमाल, असा धंदा जुना आहे. तुमच्या पत्रात स्टार्चचा उल्लेखही नाही.

म्हणूनच या सगळ्यात जो माणूस तुम्ही मोजलाच नाही, त्याच्याकडे आधी जा. शेतकरी आणि गुंतवणूकदार यांच्या मधला डाळमिलवाला. जळगाव म्हणजे डाळमिलचे गाव. मोगर काढताना तुकडा पडतोच. तो अख्ख्या मोगरीपेक्षा स्वस्त जातो, आणि साल नीट निघालेली असेल तर त्यातली प्रथिने अख्ख्या डाळीएवढीच असतात. तुकडा समजा ६० रुपये किलोने मिळाला, तर १०० किलोंतून २५ किलो प्रथिनयुक्त पीठ आणि ७३ किलो जाडसर पीठ मिळते. जाडसर पीठ ४५ रुपयांनी गेले तर प्रथिनाच्या वाट्याला कच्च्या मालाचे ११० रुपये येतात. हे भाव मी हिशेबापुरते धरले आहेत, तुम्ही त्या दिवशीचे विचारून घाला. तुकड्याचा पुरवठा मर्यादित असतो आणि मागणी दिसली की भाव चढतो, हेही खरे. पण पहिले वर्ष काढायला तो पुरेसा आहे, आणि त्या वर्षात एकाही शेतकऱ्याला धोक्यात घालावे लागत नाही.

ओली की कोरडी पद्धत, हा निर्णय तुम्ही प्रयोगशाळेत घेऊन टाकलेला दिसतो. तो पुन्हा उघडा. ओल्या पद्धतीत पीठ साधारण दहापट पाण्यात, ९ च्या आसपासच्या सामूला (पीएच) कालवायचे, स्टार्च व चोथा वेगळा करायचा, मग सामू ४.५ पर्यंत उतरवून प्रथिन साकळायचे, धुवायचे आणि फवारा-शुष्ककात (स्प्रे ड्रायर) वाळवायचे. दिवसाला ३०० किलो पीठ म्हणजे नुसत्या कालवण्याला ३,००० लिटर पाणी, धुण्याचे वेगळे. अमळनेर-पारोळ्याच्या पट्ट्यात उन्हाळ्यात हे पाणी कुठून आणणार? आणि वापरलेले पाणी कुठे सोडणार? त्यात साखर आणि विरघळलेली प्रथिने असतात, एका दिवसात ते आंबते आणि वास सुटतो. सांडपाणी प्रक्रिया संयंत्र आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती हा खर्च ४० लाखांत बसवून पाहा. मला तो बसताना दिसत नाही.

कोरड्या पद्धतीत पाणी लागत नाही, पण मालात प्रथिने ५० ते ५८ टक्केच येतात आणि कच्च्या कडधान्याचा वास राहतो. डाळीला आधी वाफ दिली तर वास कमी होतो, पण प्रथिनाची विद्राव्यताही कमी होते. प्रथिनांच्या पेयात (शेक) घालणाऱ्याला ते चालणार नाही, पण शेव, नूडल्स, बेकरीवाल्याला बहुधा चालेल. दळताना मोगरीचा ओलावा ८-९ टक्क्यांवर आणा, वाळवताना ५५ अंशांच्या वर जाऊ नका. मुगातले स्टार्चचे कण साधारण १० ते ३० मायक्रॉनचे असतात आणि प्रथिनाचे तुकडे त्याहून बारीक. दळण जाड राहिले तर प्रथिन स्टार्चला चिकटून राहते. फार बारीक केले तर पिठाचे गोळे होतात आणि वारा ते वेगळे करू शकत नाही. पावसाळ्यात हवेतला दमटपणा वाढला की पीठ सायक्लोनच्या (हवेतून पीठ वेगळे करणाऱ्या शंकूच्या) भिंतींना धरते. प्रत्येक लॉटला आत गेलेले आणि बाहेर आलेले वजन लिहा. दोन्ही पिठांची बेरीज आत घातलेल्याच्या ९६ टक्क्यांखाली आली तर माल कुठेतरी अडकला किंवा गळला आहे. आणखी एक गोष्ट यंत्र विकणारा सांगत नाही: हवेत तरंगणारे बारीक पीठ पेट घेते. यंत्रांना अर्थिंग, गाळण पिशव्या स्थिर विजेला प्रतिबंध करणाऱ्या, आणि त्या खोलीत विडी-काडी बंद. हरभऱ्यावर ही पद्धत वापरायचा मोह होईल, पण हरभऱ्यात ५-६ टक्के तेल असते, त्यामुळे पीठ चिकटते आणि वेगळे नीट होत नाही. मुगात तेल दीड टक्क्याच्या आत, म्हणून तो सोयीचा.

तुमचे ८२ टक्के कोरड्या वजनावरचे आहेत की जशाच्या तशा मालाचे? मालात ६ टक्के ओलावा असेल तर कोरड्या वजनावरचे ८२ म्हणजे प्रत्यक्ष पाकिटातले ७७. नमुना एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेत द्या आणि अहवालावर हा आधार लिहून घ्या. गुंतवणूकदाराने हे नंतर शोधून काढण्यापेक्षा तुम्ही आधी सांगितलेले बरे. विक्रीच्या बाबतीत एफएसएसएआयचा (केंद्राचे अन्नसुरक्षा प्राधिकरण) मुद्दाही आहे: तुमचा माल प्रस्थापित मानकात बसतो की २०१७ च्या नियमांखाली बिगर-निर्दिष्ट अन्न म्हणून वेगळी मंजुरी लागते, हे लेखी विचारा. युरोपीय संघाने मुगाच्या प्रथिनाला नव्या प्रकारचे अन्न ('नॉव्हेल फूड') म्हणून २०२२ मध्ये मंजुरी दिली, पण ती आपल्याकडे लागू होत नाही.

आता शेतकरी. त्यांना जादा भाव देईन असे आत्ता बोलू नका, कारण वरच्या हिशेबात तो कुठून येईल हे दिसत नाही. पण तुमच्याकडे देण्यासारखी एक गोष्ट आहे, आणि ती तुमच्या सादरीकरणात नव्हती. ऑगस्टच्या अखेरीस शेंगा काळ्या पडलेल्या असतात आणि नेमका पाऊस लागून राहतो. साल डागाळते. बाजार समितीत तो डागी मूग कमी बोलीने जातो. तुमच्या यंत्राला मात्र साल नकोच असते. आतला दाणा धडधाकट असेल तर डागाळलेल्या सालीने तुमचे काही बिघडत नाही. डागी पण निरोगी मूग ठरलेल्या भावाने घेणारा कोणीतरी आहे, हे ऐकल्यावर ते आजोबा खुर्ची पुढे ओढतील.

इथे घाई मात्र जिवावर बेतू शकते. पोत्याच्या तीन ठिकाणांहून नमुना काढा, १०० दाणे मोजा, साल काढून फोडून पाहा. मोड आलेला, आतून तपकिरी झालेला किंवा बुरशीचा वास येणारा माल परत. जो घ्याल त्याची प्रत्येक लॉटला अफलाटॉक्सिनची (बुरशीतून येणारे विष) तपासणी. कडधान्यांसाठी मर्यादा किलोला १५ मायक्रोग्रॅम आहे. झटपट तपासणीच्या पट्ट्या मिळतात, शंका आली की प्रयोगशाळा. ओला माल रस्त्यावर वाळवू नये, ताडपत्री द्यावी. ताडपत्री स्वस्त पडते आणि बैठकीपेक्षा जास्त बोलते.

चारशे जणांची सभा पुन्हा भरवू नका. बारा-पंधरा घरे निवडा, त्यांत तोडणी आणि निवडणी प्रत्यक्ष करणाऱ्या बाया हव्यातच, कारण डागी दाणा वेगळा काढणे त्यांच्याच हातात आहे. आखाजीनंतर (अक्षय्य तृतीया) बियाण्याची जुळवाजुळव सुरू होते, त्याच सुमारास बसा. वैभव, उत्कर्षा, बीएम २००३-२ असे वाण लोक लावतातच. वाण बदला असा आग्रह पहिल्या वर्षी नको. वाणावाणांतल्या प्रथिनाच्या फरकापेक्षा पावसात सापडलेल्या मालाचा तुमच्या उताऱ्यावर जास्त परिणाम होईल.

करारपत्र दोन पानांचे आणि मराठीत असू द्या. भाव म्हणजे त्या दिवशीचा अमळनेर बाजार समितीचा सर्वसाधारण दर, आणि डागी मालाला त्यातून किती वजा ते आधीच छापलेले. ओलावा १२ टक्क्यांपर्यंत. सरकारी खरेदीचाही निकष तोच असल्याने वाद कमी होतात. पैसे तीन दिवसांत खात्यावर. नमुन्याचे तीन भाग करून सीलबंद करा: एक शेतकऱ्याकडे, एक तुमच्याकडे, तिसरा वाद झाला तर प्रयोगशाळेला. शेतकऱ्याने माल दुसरीकडे विकला तर दंड नाही. हे वाचून गुंतवणूकदार कपाळाला आठ्या घालतील, घालू देत. तुमचे यंत्र बंद पडले तर ते शेतकऱ्याला भरपाई देणार आहेत का, एवढे विचारा. हंगामाच्या खरेदीची रक्कम खरेदीआधी वेगळ्या खात्यात जमा असावी आणि ती पगाराला किंवा यंत्राला वळवता येऊ नये. दहा टन डागी मूग पहिल्या हंगामाला भरपूर झाला.

गुंतवणूकदाराशी बोलताना एक कायदेशीर गोष्ट आधी समजून घ्या, कारण यात बरीच मंडळी फसतात. उत्पादक कंपनीचे भाग उत्पादकांनाच मिळतात. बाहेरचा गुंतवणूकदार तिचा भागधारक होऊ शकत नाही, आणि मतदान सभासदामागे एक असते. म्हणजे ४० लाख भागभांडवल म्हणून उत्पादक कंपनीत येऊच शकत नाहीत. ते येतील तुमच्या वेगळ्या खासगी मर्यादित कंपनीत, आणि उत्पादक कंपनी तिची पुरवठादार राहील. उत्पादक कंपनीला त्या खासगी कंपनीत थोडा हिस्सा घेता येतो, पण त्यावर मर्यादा आहेत आणि विशेष ठराव लागतो. कंपनी कायदा जाणणाऱ्या सीएकडून लेखी मत घ्या. हा हिस्सा सुरुवातीलाच ठरला तर ठरला. पुढच्या फेरीतला गुंतवणूकदार आल्यावर शेतकऱ्यांसाठी जागा उरत नाही.

त्यांच्या ५०० एकरांच्या अटीऐवजी तुम्ही वेगळे टप्पे ठेवा. पहिला हप्ता दोन टन तुकड्यावर प्रक्रिया करून वजनांचा ताळेबंद दाखवला की. दुसरा, तीन वेगवेगळ्या गिऱ्हाइकांनी प्रत्येकी १०० किलो माल पैसे मोजून घेतला की. फुकट वाटलेले नमुने यात धरायचे नाहीत. तिसरा, डागी मुगाची खरेदी होऊन सगळ्यांचे पैसे मुदतीत गेले की. वडिलांचा सातबारा तारण किंवा तुमची वैयक्तिक हमी मागितली तर सरळ नाही म्हणा. जोखीम घेण्याबद्दलच त्यांना कंपनीत हिस्सा मिळतो आहे. आणि ही पद्धत विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत बसवली असेल तर हक्क कोणाचे, हे सही करण्याआधी तपासा.

शिवाय सगळा पैसा भागभांडवलाचाच कशाला? संशोधनाच्या टप्प्यावर बायरॅक या केंद्राच्या जैवतंत्रज्ञान संस्थेच्या 'बिग' योजनेतून ५० लाखांपर्यंत अनुदान मिळू शकते आणि त्यात हिस्सा द्यावा लागत नाही. गोदाम, सफाई-प्रतवारीची यंत्रे उत्पादक कंपनीने कृषी पायाभूत सुविधा निधीतून घ्यावीत. त्यात २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत सात वर्षांपर्यंत आहे. अर्जाच्या वेळी योजना चालू आहे का आणि अटी काय, ते जिल्हा कृषी अधीक्षक कार्यालयात विचारा. अनुदानाचा पैसा उशिरा येतो, म्हणून मुगाच्या खरेदीसाठी त्याच्यावर कधीही विसंबू नका.

मैत्रिणीच्या अळ्यांबद्दल थोडक्यात. ब्लॅक सोल्जर माशीच्या वाळवलेल्या अळीत ३५ ते ४५ टक्के प्रथिने असतात आणि कोंबडी व मत्स्यखाद्यात त्यांना जागा आहे. पण रावेर-यावलमध्ये ढिगाने पडतो तो केळीचा खांब, त्यात ९० टक्क्यांहून जास्त पाणी आणि उरलेला बहुतेक तंतू, जो अळीला पचत नाही. टाकाऊ पिकलेली केळी चालतात, पण त्यांत प्रथिन कमी म्हणून अळी सावकाश वाढते. हॉटेलचे उरलेले अन्न किंवा चुनी मिसळावी लागते, आणि चुनीला तर गुरांसाठी आधीच भाव आहे. मेमध्ये शेडचे तापमान चाळिशीच्या वर गेले की अळ्या पेटीतून बाहेर पळतात. वाईट धंदा नाही, पण तो रावेरच्या बाजूच्या आणि कचरा रोज मिळण्याची खात्री असलेल्या माणसाचा आहे. तुमची चार वर्षे मुगात गेली असतील तर फक्त पैसा लवकर मिळतो म्हणून तिकडे जाऊ नका.

वडिलांचे म्हणणे खोडून काढायची गरज नाही. नोकरी धरूनही तुकड्याची चाचणी करता येते. मैसूरची सीएफटीआरआय किंवा तंजावरची निफ्टेम, अशा अन्नतंत्रज्ञान संस्थांना तुमच्या मालावर भाड्याने चाचणी करून मिळेल का ते विचारा, यंत्र विकणाऱ्यांकडेही चाचणीची सोय असते. जळगावच्या एखाद्या डाळमिलमधून २०० किलो मुगाचा तुकडा बिल घेऊन विकत घ्या, दोन टनांचा टप्पा त्यानंतरचा. दोन्ही पिठांची वजने, प्रथिनांचा अहवाल आणि जाडसर पिठाला एका शेववाल्याने आणि एका पापडवालीने काय भाव सांगितला, एवढे एका कागदावर आले की तो कागद गुंतवणूकदाराला पाठवा आणि त्याचीच एक प्रत उत्पादक कंपनीच्या संचालकांना द्या. दोघांच्या हातात एकच आकडे असले पाहिजेत.